गॅस चारब्रॉयलरची सफाई आणि देखभाल : नव्याने किचनमध्ये आलेल्यांसाठी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा नवी मुंबईत वाशी-नेरूळकडे ग्रिलचे पदार्थ देणाऱ्या अनेक स्वयंपाकघरांत तंदूरच्या शेजारी आता गॅसचा चारब्रॉयलर दिसतो. काही ठिकाणी त्याला नुसते ‘ग्रिल’ म्हणतात, दगडांचा असेल तर ‘लाव्हा ग्रिल’. नव्याने रुजू झालेल्या हेल्परच्या हाती पहिल्याच रात्री तारेचा ब्रश दिला जातो आणि ‘जाळी घासून टाक’ एवढीच सूचना मिळते. जाळी घासायला हवीच. पण या यंत्राला आग लागते ती बहुतेक वेळा जाळीखाली साचलेल्या चरबीमुळे, आणि गॅस गळतो तो यंत्राच्या मागे, जिथे कोणी वाकून पाहत नाही. त्यामुळे पुढील मजकुरात जाळीविषयी थोडे आणि जाळीखालच्या भागांविषयी बरेच लिहिले आहे.

यंत्राची ओळख

सर्वांत वर बिडाच्या जड जाळ्या असतात. त्यांच्याखाली रेडिअंट, म्हणजे उलट्या ‘व्ही’ आकाराचे स्टीलचे किंवा बिडाचे पत्रे, किंवा त्यांच्याऐवजी लाव्हा दगडांचा थर असतो. त्याखाली बर्नर, आणि प्रत्येक बर्नरच्या नळकांड्याच्या तोंडाशी पितळेचा बारीक जेट व हवा कमी-जास्त करण्याची झडप असते. अगदी तळाशी चरबी झेलणारा ट्रे सरकवलेला असतो. चिकनमधून किंवा पनीरच्या मॅरिनेशनमधून गळणारे तेल तापलेल्या रेडिअंटवर पडते, जळते आणि त्याचा धूर पदार्थाला लागतो. जे जळत नाही ते घरंगळत ट्रेमध्ये उतरते. चरबी गळणे हा यंत्राचा दोष नाही, ते यंत्राचे कामच आहे. ती रोज बाहेर काढणे मात्र माणसावर सोपवलेले आहे.

सफाईला हात घालण्यापूर्वी त्या यंत्राची पुस्तिका एकदा वाचावी आणि गॅस बंद करण्याची झडप कुठे आहे ते पाहून घ्यावे. यंत्राची स्वतःची झडप आणि संपूर्ण किचनची मुख्य झडप, या दोन्ही डोळे मिटून सापडल्या पाहिजेत. सुती कपडे, बंद बूट, गरम कामासाठी चामड्याचे आणि रसायनासाठी नायट्राइलचे हातमोजे व डोळ्यांवर गॉगल एवढी तयारी लागते. नायलॉनचा टी-शर्ट घालून ग्रिलपाशी उभे राहू नये. तो पेटण्याआधी वितळतो आणि कातडीला चिकटतो.

रोज रात्रीचे काम

शेवटची ऑर्डर गेल्यावर पहिली नजर ट्रेकडे टाकावी. ट्रे निम्म्याहून अधिक भरलेला असेल तर त्या रात्री जाळी जाळून साफ करण्याचा विचार सोडून द्यावा, गॅस बंद करावा आणि यंत्र निवू द्यावे. याचे कारण असे की पूर्ण ज्योतीवर यंत्र तापवले की खालची चरबीही तापते, आणि वरून पेटता कण पडला की सगळा ट्रे एकदम पेट घेतो. ज्या स्वयंपाकघरात दिवसभर ग्रिल चालते, तिथे दुपारी तीन-चारच्या मोकळ्या वेळात यंत्र बंद ठेवून, निवल्यावर एकदा ट्रे रिकामा करण्याची पद्धत ठेवली की रात्री हा प्रश्नच उभा राहत नाही.

ट्रे रिकामा असेल तर हूडचा, म्हणजे यंत्रावरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीचा, पंखा चालू ठेवून सगळे बर्नर दहा ते पंधरा मिनिटे मोठे ठेवावेत. जाळीला चिकटलेले मांस-मसाल्याचे थर जळून कोरडे होतात व सहज सुटतात. या वेळात यंत्रापासून हलायचे नाही. ‘तोवर भांडी लावून येतो’ म्हणून गेलेला माणूस बऱ्याचदा धूर पाहूनच परततो. त्यानंतर बर्नर बंद करून, जाळी गरम असतानाच लांब दांड्याच्या खरवडणीने किंवा ब्रशने दांड्यांच्या दिशेने घासावे. तारेच्या ब्रशविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्याचे झिजलेले केस तुटून जाळीवर राहतात, तिथून पदार्थात जातात आणि खाणाऱ्याच्या घशात किंवा आतड्यात रुततात. अशा इजा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. माझ्या मते व्यावसायिक किचनमध्ये सपाट खरवडणीच बरी. ब्रश वापरायचाच असेल तर आधी त्याचे केस ओढून पाहावेत, वाकडेतिकडे झालेले दिसले की तो ब्रश टाकून द्यावा, आणि घासून झाल्यावर घट्ट पिळलेले सुती फडके चिमट्यात धरून साऱ्या जाळीवरून फिरवावे.

आता सगळे नॉब बंद आहेत याची खात्री करावी आणि यंत्राची झडप बंद करावी. सिलिंडरच्या बँकवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक सिलिंडरवर, चालणारे किचन असेल तर रात्री निघताना तिथलीही झडप बंद करावी. मग यंत्र निवण्याची वाट पाहायची. नवी माणसे इथेच घाई करतात, आणि खरे सांगायचे तर त्यांना घाई करायला लावणारा सुपरवायझर असतो. तापलेल्या बिडाच्या जाळीवर गार पाणी ओतले की जाळीला तडा जाऊ शकतो, उसळलेल्या वाफेने मनगट भाजते आणि काळे पाणी थेट बर्नरच्या छिद्रांत उतरते. कर्जत-कसाऱ्याची शेवटची लोकल गाठण्याची सगळ्यांची धडपड असते हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे इतर काउंटरच्या पाऊण तास आधी ग्रिलचा काउंटर बंद करणे. यंत्र निवायला साधारण तेवढाच वेळ लागतो. जाळीपासून वीतभर वर तळहात धरून ऊब लागेनाशी झाली की पुढचे काम सुरू करावे.

ट्रे दोन्ही हातांनी आडवा धरून, न हिंदकळता बाहेर ओढावा. निवलेली चरबी तळाशी पिवळट-तपकिरी थर धरून बसते, त्यात जळक्या मसाल्याची काळी भुकटी रुतलेली असते आणि कोपऱ्यांत तो थर बोटभर जाड असतो. खरवडणीने तो कोपऱ्यांतून उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावा. मोरीत काहीही ओतू नये. गरम असताना पातळ वाटणारे ते तूपट पाणी पुढे पाइपात गोठते आणि ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातले तेल अडवणारी टाकी, तुंबते. ट्रे गरम पाण्याने व भांड्यांच्या साबणाने धुऊन, पुसून, कोरडा करून परत लावावा. सफाई वाचवण्यासाठी ट्रेमध्ये अॅल्युमिनियमची फॉइल अंथरण्याची युक्ती अनेक जण सांगतील; ती करू नये. फॉइलच्या घड्यांत तेल अडून राहते आणि ती हवेच्या वाटा झाकते. काही उत्पादक ट्रेमध्ये थोडे पाणी ठेवायला सांगतात, पण पुस्तिकेत तसे लिहिले असेल तरच ते ठेवावे.

बाहेरचे स्टील सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने, स्टीलच्या रेषांच्या दिशेने पुसावे. लोखंडी घासणीचे कण स्टीलवर राहून गंजतात, म्हणून ती टाळावी. पाण्याचा पाइप मारून यंत्र धुणे पूर्ण वर्ज्य समजावे. नॉबच्या मागच्या झडपांत आणि पायलटमध्ये (बर्नर पेटवण्यासाठी सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीच्या नळीत) गेलेले पाणी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्रास देते.

आठवड्याचे काम

आठवड्यातून एकदा, यंत्र पूर्ण गार आणि झडप बंद असताना, ते आतून उघडावे. जाळ्या उचलताना त्यांचा क्रम खडूने लिहून ठेवावा, कारण वापरून वापरून प्रत्येक जाळी आपापल्या जागी बसलेली असते. गरम साबणाच्या पाण्यात जाळ्या घासाव्यात, पण रात्रभर बुडवून ठेवू नयेत. बीड लगेच गंज धरते. धुतल्यावर पुसून, थोड्या आचेवर कोरड्या करून, गार झाल्यावर रिफाइंड तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा. तेल ओघळताना दिसले तर ते जास्त झाले.

रेडिअंटवरची काजळी कोरड्या ब्रशने झाडावी आणि पत्रा उजेडासमोर धरून पाहावा. त्याला भोक पडले असेल किंवा तो वाकून बाजूला सरला असेल तर चरबी थेट बर्नरवर पडू लागते, आणि मग बर्नर कितीही साफ केला तरी दोन दिवसांत पुन्हा तुंबतो. असा पत्रा बदलण्यात चालढकल करू नये. लाव्हा दगड उलटवून लावावेत, ठिसूळ झालेले किंवा तेलाने भिजून काळे पडलेले काढून टाकावेत. पाण्याने धुतले असतील तर पूर्ण वाळल्याशिवाय परत ठेवू नयेत, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकतो.

आता बर्नर. पुस्तिका परवानगी देत असेल तरच तो उचलून काढावा. उलटा धरून हलकेच ठोकला की सुटी काजळी पडते. मग बंद झालेली छिद्रे बारीक तारेने एक एक मोकळी करावीत. टूथपिक वापरू नये, ती आत मोडते. नळकांड्यात टॉर्च मारून पाहावे, कारण काही दिवस बंद राहिलेल्या यंत्रात कोळ्याचे जाळे किंवा झुरळाची अंडी सापडतात आणि तेवढ्यानेही हवेची वाट अडते. जेटच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. पितळ मऊ असते. सुई किंवा ड्रिल घालून ते छिद्र केसभर मोठे झाले तरी गॅस जास्त येतो व ज्योत बिघडते. तुंबलेला जेट फिटरकडून बदलून घ्यावा.

बर्नर परत बसवताना सर्वाधिक लक्ष एकाच ठिकाणी हवे. नळकांड्याचे तोंड जेटवर सरळ आणि पूर्ण बसले पाहिजे. ते थोडे जरी बाजूला राहिले तर गॅस नळकांड्यात न शिरता यंत्राच्या पोटात सांडतो आणि नॉबपाठीमागे पेट घेतो. वरून पाहून हे कळत नाही. खाली वाकून, टॉर्च लावून प्रत्येक बर्नरचे तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

पेटवणे आणि ज्योत वाचणे

आधी हूडचा पंखा सुरू करावा. पायलट नसलेल्या यंत्रात लांब नळीचा लायटर बर्नरपाशी धरून मग नॉब फिरवावा. आधी गॅस सोडून मागाहून लायटर शोधू नये, आणि वर्तमानपत्राची पेटती गुंडाळीही वापरू नये. ज्योत विझल्यास आपोआप गॅस बंद करणारी सोय असेल तर नॉब थोडा वेळ दाबून धरावा लागतो, कारण थर्मोकपल, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखणारी कांडी, तापल्याशिवाय झडप उघडी राहत नाही. तो दाबून ठेवण्याचा कंटाळा येतो म्हणून काही जण ती सोयच काढून टाकायला सांगतात. असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. पेटले नाही तर सगळे बंद करून किमान पाच मिनिटे थांबावे आणि गॅस पांगल्यावरच पुन्हा प्रयत्न करावा.

चांगली ज्योत निळी, स्थिर आणि आतल्या सुळक्यासह स्पष्ट असते. शेंडे पिवळे होऊन लवलवत असतील तर हवा कमी पडते आहे. अशा ज्योतीने काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नाही की वास नाही. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या बंदिस्त गाळ्यात चालणाऱ्या क्लाउड किचनमध्ये ही बाब अधिकच गंभीर ठरते. कोणाचे डोके जड झाले, मळमळू लागले तर उष्म्याला दोष देण्याआधी ज्योतीकडे पाहावे आणि त्या माणसाला मोकळ्या हवेत न्यावे. ज्योत बर्नरपासून उचलली जाऊन सूं-सूं आवाज करत असेल तर हवा जास्त होते आहे, आणि बंद करताना ‘फट्’ असा आवाज येत असेल तर ज्योत नळकांड्यात मागे जाते आहे. मीठ किंवा मसाला पडल्यावर क्षणभर दिसणारा पिवळा रंग मात्र मनावर घेऊ नये.

रसायने वापरताना

रोजच्या कामाला साबण, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा पुरतो. जुन्या, घट्ट थरासाठी मिळणाऱ्या डीग्रीझरमध्ये बहुधा कास्टिक सोडा असतो. तो गरम पृष्ठभागावर कधीही फवारू नये, अॅल्युमिनियमच्या भागांना लावू नये आणि बर्नरच्या छिद्रांपर्यंत जाऊ देऊ नये. पातळ करताना तो पाण्यात घालावा, त्यावर पाणी ओतू नये. अंगावर उडाला तर किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे आणि डोळ्यात गेल्यास धुवत धुवतच डॉक्टरकडे न्यावे. लादी किंवा संडास धुण्याचे अॅसिड यंत्राच्या जवळपासही आणू नये. स्टीलला त्याने खड्डे पडतात, आणि तेच ब्लीचमध्ये मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो.

गॅसची जोडणी

ठाणे व नवी मुंबईत काही किचन महानगर गॅसच्या पाइपवर चालतात, तर काही १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर. आपले कोणते आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण दोन्ही गॅस वेगळे वागतात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत, ओट्याखाली आणि गटारात साचतो. पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा बराच हलका असतो आणि छताकडे जातो. गळती ओळखणारे यंत्रही त्यानुसार खाली किंवा वर बसवावे लागते. एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये नैसर्गिक वायूच्या अडीच-तीनपट उष्णता असते, त्यामुळे दोघांचे जेट वेगळे असतात. सिलिंडरवरून पाइपवर जाताना जेट आणि रेग्युलेटर न बदलता नुसती नळी जोडणारा फिटर भेटला तर त्याला तिथेच थांबवावे. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर हॉटेलात वापरणे बेकायदेशीर आहे, गर्दीच्या रात्री सिलिंडर संपला तरीही.

महिन्यातून एकदा, आणि यंत्र हलवल्यानंतर दर वेळी, साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावून गळती पाहावी. गॅस चालू, नॉब बंद, जवळपास कुठलीही ज्योत नाही, अशी स्थिती हवी. बुडबुडे फुगू लागले की गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे लोक अजूनही भेटतात. त्यांच्यापासून दूर उभे राहावे. होजवरची, म्हणजे गॅसच्या लवचीक नळीवरची, छापील मुदत वाचावी, तो वाकवून तडे दिसतात का पाहावे, उंदराने कुरतडल्याच्या खुणा शोधाव्यात आणि होज यंत्राच्या गरम पाठीला टेकलेला नाही हे तपासावे. तुर्भे बाजाराच्या आसपासच्या किचनमध्ये तर उंदरांचा विचार करावाच लागतो.

गॅसचा वास आला तर ज्योत असेल ती बंद करावी, मुख्य झडप बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण दाबू नये, हूडच्या पंख्याचेसुद्धा. माणसे बाहेर काढून बाहेरूनच फोन करावा. एलपीजी गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे.

हूड, पावसाळा आणि आग

ग्रिलवरचा धूर ओशट असतो, म्हणून हूडचे बॅफल फिल्टर (धुरातले तेल अडवणाऱ्या पत्र्याच्या जाळ्या) इतर काउंटरपेक्षा लवकर भरतात. ते आठवड्यातून किमान एकदा, काम जास्त असेल तर रोज, सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून धुवावेत. आतल्या डक्टची, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळाची, सफाई हेल्परचे काम नाही. ती त्या कामाच्या माणसांकडून करून घ्यावी. अमेरिकेतील एनएफपीए ९६ हे मानक चारब्रॉयलिंगसारख्या जड कामासाठी दर तीन महिन्यांनी डक्टची तपासणी करायला सांगते, आणि आपल्याकडेही तोच अंतराल धरणे शहाणपणाचे आहे.

जून ते सप्टेंबर या काळात खाडीकाठच्या दमट हवेत बिडाच्या जाळ्या एका रात्रीत तांबूस होतात. त्या दिवसांत तेलाचा हात रोज फिरवावा, आणि सुट्टीसाठी किचन बंद ठेवायचे असेल तर जाळ्या कोरड्या करून कागदात गुंडाळून ठेवाव्यात.

ट्रेमध्ये आग लागली तर नॉबकडे हात न नेता यंत्राची किंवा किचनची झडप बंद करावी, कारण नॉब ज्वाळेच्या अगदी तोंडाशी असतात. पाणी टाकू नये. ते तापलेल्या तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडवते. पेटता ट्रे ओढून बाहेर नेण्याचा मोह टाळावा. फायर ब्लँकेट किंवा तेलाच्या आगीसाठीचे वेट केमिकल अग्निशामक, जे बाजारात ‘के टाइप’ म्हणून मिळते, ते वापरावे; आग हूडमध्ये शिरली असेल तर सर्वांना बाहेर काढून १०१ ला फोन करावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची उपकरणे चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, पण ते भिंतीवर लावलेले असले तरी अग्निशामकाच्या सिलिंडरचा काटा हिरव्या भागात आहे का हे दर आठवड्याला स्वतः पाहावे.

नोंदवही आणि फिटर

तारीख, काय साफ केले, काय बदलले आणि सही, एवढ्या चार रकान्यांची वही यंत्राजवळ टांगावी. अन्नसुरक्षेच्या परवान्यासाठीही सफाईची नोंद लागतेच. झडप घट्ट फिरू लागणे, पायलट वारंवार विझणे, जेट बदलणे, रेग्युलेटरचा दाब कमी-जास्त होणे ही कामे फिटरचीच. तोवर नॉबवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून झडप बंद ठेवावी. फिटरने काम संपवले की तो निघण्याआधी त्याच्यासमोरच सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, बर्नर पेटवून ज्योत पाहावी, आणि नवा होज लावला असेल तर तारीख मार्करने होजवर लिहून वहीतही उतरवून घ्यावी.